चार दिवस गुलमर्गात, त्यातला पावडरचा दिवस कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, राहणार डोंबिवली. मागच्या हिवाळ्यात उत्तराखंडात औलीला बेसिक कोर्स झाला, यंत्रानं दाबलेल्या उतारावर स्की समांतर ठेवून वळता येतं. आता फेब्रुवारीच्या मध्यात गुलमर्गात चार दिवस आहेत आणि त्यातला एक दिवस फेज टूवरून (गोंडोला या रोपवेचा वरचा टप्पा) खऱ्या पावडरमध्ये, म्हणजे ताज्या, न दाबलेल्या भुसभुशीत हिमात, घालवायचा आहे. पण औलीत एकदा पट्ट्याबाहेर गेल्यावर दर दहा फुटांवर तोंडघशी पडणं झालं. कुणी सांगतं मागे रेल, कुणी सांगतं रुंद स्की घे. यातलं खरं काय, आणि गाइड लागतोच का?

आधी मी कोण ते सांगतो. मी पुण्याचा. सह्याद्रीत भटकता भटकता एका हिवाळ्यात गुलमर्गला सरकारी संस्थेच्या कोर्सला गेलो आणि तिथलाच होऊन बसलो. गेले अकरा हिवाळे जानेवारी ते मार्च तिथे नवख्यांना शिकवतो आणि थोडं येणाऱ्यांचे गट घेऊन स्थानिक गाइडच्या मागे जातो. ‘मागे’ हा शब्द मुद्दाम लिहिला. स्की कशी वळवायची ते मी सांगू शकतो. आज कुठला उतार धरायचा हे तिथे जन्मलेला माणूस ठरवतो, आणि त्यानं नाही म्हटलं की मी कारणही विचारत नाही. म्हणजे विचारतो, पण संध्याकाळी नून चाय (काश्मिरी खारट चहा) पिताना.

तुम्ही पायांबद्दल विचारलंय: रेलू की नको, रुंद की अरुंद. त्याचं उत्तर देतोच. पण तुमची खरी अडचण पायांत नाही, आखणीत आहे. ‘तिसऱ्या दिवशी फेज टू’ असं तुम्ही घरी बसून ठरवलंय. पावडर काही तिकीट काढून बघायची जागा नव्हे. ती बर्फाची एक अवस्था आहे आणि ती काही तासांची असते. पश्चिमेकडून झंझावात येतो, दोन-तीन दिवस शीन पडतं (काश्मिरीत हिमाला शीन म्हणतात), मग आभाळ उघडतं. उघडल्यावर वारा ते उचलून भलतीकडे नेऊन घट्ट करतो, ऊन वरचा थर ओला करतो, रात्री त्याची पापडी होते. राहिलेलं काम इतर स्कीअर करतात. एवढ्या भानगडींतून वाचलेला बर्फ म्हणजे पावडर.

शिवाय गुलमर्ग लहान आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. उंची मोठी, पण लिफ्टा मोजक्या. खाली मैदानाच्या कडेला शिकाऊंसाठी ओढणाऱ्या लहान लिफ्टा, मधे एक चेअरलिफ्ट आणि मुख्य म्हणजे दोन टप्प्यांचा गोंडोला. पहिला टप्पा, म्हणजे फेज वन, १९९८ मध्ये सुरू झाला. तो साधारण २,६५० मीटरवरच्या गुलमर्गातून कोंगडोरीला, ३,००० मीटरच्या थोडं वर नेतो. दुसरा, म्हणजे फेज टू, २००५ मधला, तो अफरवट डोंगराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्याही वर सोडतो. आल्प्समधल्या मोठ्या रिसॉर्टात एक लिफ्ट वाऱ्यानं बंद पडली तर माणूस दुसरीकडे जातो. इथे वरचा दोर थांबला की अर्धा डोंगर बंद. आणि तो नेमका कधी थांबतो? हिमवृष्टी चालू असताना आणि त्यानंतर. वर हिम साचलं, वारा सुटलेला आहे, गस्तीच्या पथकाला स्फोटकं टाकून उतार मोकळे करायचे आहेत, तोवर फेज टू उघडत नाही. कधी एक दिवस, कधी तीन. तुमच्या चार दिवसांपैकी तीन असे गेले तर? दर वर्षी कुणीतरी तिकीट खिडकीपाशी उभं राहून माझ्याकडे बघत हेच विचारतं, जणू दोर मी धरून ठेवलाय.

किती हिम पडेल, वारा कुठला असेल, तुमची दमछाक किती होते, यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते इथून सांगता येणार नाही. काही वर्षं तर बर्फच रुसतो. २०२४ चा जानेवारी जवळपास कोरडा गेला होता, मैदानात तपकिरी गवत दिसत होतं आणि हॉटेलवाले आभाळाकडे बघत बसले होते. त्यामुळे पुढचं सगळं ‘बर्फ असेल तर’ हे गृहीत धरून.

आता जे बहुतेकांना पटत नाही ते. तुमच्यासारख्या माणसाचा सगळ्यात चांगला पावडरचा दिवस फेज टू उघडतो त्या दिवशी नसतो. तो असतो हिम पडत असताना, वरचा दोर बंद असताना, फेज वनच्या जंगलात. कोंगडोरी ते गुलमर्ग या उतारावर फरची झाडी आहे, चढ बेताचा आहे, वारा पोचत नाही. पडत्या हिमात उघड्या उतारावर सगळं पांढरं एकजीव होतं, खाली-वर कळत नाही, काहींना तर जागेवर उभ्या उभ्या गरगरतं. झाडांचे काळे बुंधे असले की डोळ्यांना धरायला काहीतरी मिळतं. शिवाय पर्यटकांची गर्दी नाही, आणि तुम्ही काढलेली रेघ तासाभरात नव्या हिमानं भरून निघते. पुन्हा वर जा, पुन्हा कोरी पाटी.

फक्त झाडांत एक जपायचं. मोठ्या फरच्या खालच्या फांद्या हिम अडवतात, म्हणून बुंध्याभोवती विहिरीसारखा पोकळ खड्डा राहतो. वरून काही दिसत नाही. त्यात माणूस डोक्यावर गेला की स्की वर, तोंड खाली, आणि सुटायला धडपडावं तसा भुसभुशीत बर्फ अंगावर येतो. एकट्यानं झाडांत जायचं नाही. दोघं जा, एकमेकांना हाक ऐकू जाईल इतकं अंतर ठेवा, आणि बुंध्याजवळून वळायचा मोह टाळा.

सकाळी खिडकीतून काय बघायचं तेही सांगतो. मी रोज हेच करतो, चहाच्या आधी. फांद्या बघायच्या. हिम फांद्यांवर कापसासारखं उभं राहिलं असेल, बोट लावलं तर ढासळेल असं, तर रात्री वारा नव्हता आणि जंगलातलं हिम हलकं आहे. फांद्या मोकळ्या आणि बुंध्याची एकच बाजू पांढरी, जणू कुणी चुना फासलाय, तर वारा होता. मग वर कुठेतरी हिमाचे घट्ट थर रचले गेलेत. मागे एकदा अशा सकाळी आमचा गाइड फिरनच्या (सैल लांब अंगरखा) आत कांगडी (निखाऱ्यांची टोपली) सावरत दारात उभा होता. माझ्या गटातल्या एकानं उत्साहानं विचारलं, “आज ऊपर?” त्यानं कड्याकडे बघितलंही नाही, समोरच्या झाडाकडे हनुवटीनं खूण केली आणि म्हणाला, “आज ऊपर हवा का माल है.” दुपारी वर जाणारे खरखरीत टणक बर्फावर आदळत खाली आले. आम्ही झाडांत गुडघाभर हिमात होतो.

फेज टूबद्दल जरा सविस्तर, कारण तिथे चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. गोंडोलाच्या समोरचा मोठा वाडगा, म्हणजे वाडग्यासारखा खोलगट उतार, गस्तीच्या पथकाच्या देखरेखीखाली असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना, दोरीपलीकडे, मोकळा डोंगर. तिथे ना पाटी, ना गस्त, ना स्फोटकं टाकून केलेली तपासणी. वरच्या स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटं आडवं गेलात की तुम्ही त्यात असता, आणि गंमत म्हणजे सगळ्यात सुंदर, अस्पर्श उतार तिथूनच दिसतात. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. स्कीअरला आवडणारे उतारही नेमके तेच. आणि सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो थर त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानं मोडलेला असतो.

काश्मीरमध्ये त्यात आणखी एक गोम आहे. डिसेंबरात थोडंसं हिम पडतं, मग चिल्लै कलानची (काश्मिरी हिवाळ्यातले सगळ्यात थंड चाळीस दिवस) कडाक्याची थंडी आणि कोरडे दिवस. त्या पातळ थराचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. मूठ आवळली तरी गोळा बनत नाही, बोटांतून गळून जातो. पुढे त्यावर फेब्रुवारीचं जड हिम बसतं. म्हणजे साखरेवर फरशी. वरून सगळं गुळगुळीत, छान. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून चीर पळत गेली तर तिथून सरळ माघारी फिरायचं. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणाच्या वेळी हिमस्खलनात १७ जवानांचा जीव गेला. डोंगर ज्यांचं कामच होतं अशी ती माणसं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच परिसरात परदेशी स्कीअर सापडले, त्यातल्या एकाचा जीव गेला.

म्हणून गाइड लागतोच का, याचं उत्तर: फेज वनच्या जंगलात चांगला प्रशिक्षक किंवा वाट माहीत असलेला सोबती पुरतो. फेज टूच्या वाडग्यात स्थानिक गाइड हवाच. दोरीपलीकडे तुम्ही या वर्षी जायचंच नाही. गाइड घेतला तरी बीकन (गाडल्या गेलेल्याचा संकेत देणारं आणि शोधणारं यंत्र), प्रोब (हिमात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं हे तिन्ही प्रत्येकाच्या अंगावर पाहिजेत. एकट्या गाइडकडे बीकन असून तुम्हाला काय उपयोग? तुम्ही गाडले गेलात तर तुमचा संकेत कुठून येणार, आणि तो गाडला गेला तर शोधणार कोण? मदत खालून यायला वेळ लागतो, आणि जगण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांची. हे सामान भाड्यानं मिळतं. पहिल्या दिवशी हॉटेलमागच्या बर्फात मित्राला बीकन पुरायला सांगा आणि घड्याळ लावून शोधा. पहिल्यांदा सगळ्यांना दहा मिनिटांच्या वर लागतात, मलाही लागली होती. पाचव्या-सहाव्या खेपेला वेळ निम्म्यावर येतो.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: दिवस आधी ठरवायचा नाही, हिम पडत असेल तर जंगल, उघडल्यावर गाइडनं हो म्हटलं तर वाडगा. आता पायांकडे येऊ.

‘मागे रेला’ हा सल्ला पूर्ण खोटा नाही, म्हणूनच घातक आहे. दाबलेल्या उतारावर आपण पुढे झुकून बाहेरच्या एका स्कीवर भार देतो. पावडरमध्ये तसं केलं की ती स्की बुडते, दुसरी तरंगते, आणि तुम्ही दोघींच्या मधून तोंडावर. औलीत तुमचं हेच झालं असणार. अनुभवी माणूस मागे रेलल्यासारखा दिसतो, कारण त्याच्या स्कीची टोकं वर आलेली असतात. खरं तर तो स्कीच्या मधोमध उभा असतो. तुम्ही नुसते मागे रेललात तर तीन वळणांत मांड्या पेटतात आणि स्की वळायचं नाव घेत नाही. मी शिकवताना म्हणतो, नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेल्या राहू द्या, पण दाबू नका. टाचेखाली आणि चवड्याखाली सारखंच जाणवलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, दोन्ही पाय जवळ आणि भार दोघांवर सारखा. दोन स्की विसरा, एकच रुंद फळी आहे असं समजा. वळण पायानं ढकलून काढायचं नाही. खाली बसा, हिम पायाखाली दबतं, मग तेच तुम्हाला वर उचलतं. त्या उचलण्याच्या क्षणी स्की हलकी असते, तेव्हा वळवायची. विहिरीत पोहायला शिकताना पाणी आपल्याला वर ढकलतंय हे ज्या दिवशी कळतं ना, तसंच इथे होतं. एकदा ते पायाला कळलं की मग सांगावं लागत नाही.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे वेग. घाबरलेला माणूस आडवा जातो, आडवा गेला की वेग मरतो, वेग मेला की स्की बुडते. पावडर स्वतःच ब्रेक असते, त्यामुळे उताराला थोडं सरळ जाऊ द्यावं लागतं. फार सपाट जागेत तर तुम्ही चक्क थांबता आणि ढुंगणभर हिमात चालत बाहेर यावं लागतं. साधारण २५ अंशांचा, खाली मोकळी सपाटी असलेला उतार शोधा. गाइडला एवढंच सांगितलं तरी तो नेमकी जागा दाखवेल. सरळ खाली जाताना पहिल्या दोन वेळा नुसती वर-खाली उसळी घ्या, वळूच नका. तिसऱ्या उसळीला वळण आपोआप निघतं.

रुंद स्कीचं उत्तर सोपं: घ्या. कोर्सला मिळते ती स्की बुटाखाली साधारण ७०-८० मिलिमीटर असते. पावडरसाठी १००च्या पुढची घ्या. तुमच्या पातळीला १०० ते ११० पुरे, त्याहून रुंद घेतली तर संध्याकाळी टणक झालेल्या वाटेनं उतरताना गुडघे बोलतात. भाड्यानं घेताना बाइंडिंगचा (बूट स्कीला धरणारी आणि पडल्यावर सुटणारी पकड) आकडा समोर उभं राहून लावून घ्या, तुमचं वजन आणि अनुभव सांगून. एका दुकानानं मला आधीच्या गिऱ्हाइकाच्या आकड्यावरच स्की दिली होती. तो बहुधा नव्वद किलोचा गडी असावा. मी पडलो, बाइंडिंग सुटलं नाही, आणि गुडघ्यानं पुढचे तीन आठवडे मला जिन्यावर बसवून उतरवलं. बूट बाइंडिंगमध्ये बसवण्यापूर्वी त्याच्या तळाला चिकटलेला बर्फही पोलच्या (हातातल्या काठीच्या) टोकानं खरवडून काढा, नाहीतर बाइंडिंग बसल्यासारखं वाटतं आणि बसलेलं नसतं. गॉगलच्या आत हिम गेलं तर ओल्या हातमोज्यानं पुसू नका. झटका आणि राहू द्या, किंवा खिशात दुसरा ठेवा.

चार दिवसांचं म्हणाल तर, पहिला दिवस उंचीला द्या. डोंबिवली जवळपास समुद्रसपाटीला, तिथून विमानानं येऊन दुसऱ्याच दिवशी ३,९०० मीटर म्हणजे डोकं दुखणारच. तिथे श्वासागणिक समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच ऑक्सिजन मिळतो, आणि पावडरमध्ये पडून उठणं हा व्यायाम खाली बसून कल्पनेत येत नाही. दुसऱ्या दिवशी फेज वन, आधी दाबलेल्या वाटेवर आणि मग तिच्या कडेच्या दोन-तीन मीटर न दाबलेल्या पट्टीत. एक पाऊल आत, एक बाहेर. घाबरलात की लगेच वाटेवर परत. उरलेले दोन दिवस मोकळे ठेवा आणि रोज संध्याकाळी गाइडशी बोलून ठरवा. वाडग्यात जायचं झालंच तर सकाळीच जा. उतार पूर्वेकडचे आहेत, फेब्रुवारीच्या मध्यानंतर उघड्या दिवशी दुपारपर्यंत वरचं हिम जड होतं. आणि फोनचं बघा: बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. गाइडला शोधत फिरण्यात अर्धी सकाळ घालवलेले लोक मी पाहिलेत.

शेवटची एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण हमखास लागणार. पडल्यावर स्की सुटून हिमात गडप होते. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी पडलो आणि जिथे थांबलो तिथून खाली पाऊण तास खणत राहिलो. घाम, शिव्या, दोन मित्र ताटकळत. शेवटी खालून एक म्हातारा स्लेजवाला ओरडला, “साहब, ऊपर देखो!” स्की मी पडलो त्या जागेच्या वरच्या बाजूला, दीड मीटरवर होती. माणूस सुटून पुढे घसरतो, स्की मागे अडकून राहते. तेव्हापासून शोध वरून सुरू करतो, पोल आडवा धरून हिम कापत, टोचत नाही. आणि प्रत्येक बाइंडिंगला दोन मीटर भडक रंगाची फीत बांधतो, बाकीची पँटच्या पायात खोचून. पडलं की ती हिमावर पसरते आणि स्कीकडे घेऊन जाते. तिथे दुकानात ती मिळेलच असं नाही, घरूनच आणा. माझी नारिंगी साटिनची आहे, गणपतीच्या मखरातून उरलेली. सातव्या हिवाळ्यात आहे आता, एक टोक जरा विरलंय.